दीर्घिकांमधल्या जागेतले तारकागुच्छ आणि बी.एस्सी.नंतरची वाट

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीर्घिकांमधल्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अफाट तारासमूहांमधल्या मोकळ्या जागेत भरकटणाऱ्या तारकागुच्छांविषयी वाचल्यापासून तिला याच विषयात संशोधन करायचे आहे. तेव्हा साठवलेल्या लाख रुपयांतून दुर्बीण घ्यावी की ते बी.एड.साठी राखून ठेवावेत, असे आपण विचारले आहे. दुर्बीण घेऊ नये, हे उत्तर लगेच देतो. बी.एड.चे उत्तर देण्यापूर्वी हे काम नेमके कसे चालते ते सांगणे भाग आहे.

गोलाकार तारकागुच्छ म्हणजे हजारो ते लाखो ताऱ्यांचा गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेला गोळा. आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेहून अधिक गुच्छ आहेत. जिथे शेकडो दीर्घिका एकत्र नांदतात अशा समूहात मोठी दीर्घिका जवळून जाणाऱ्या लहान दीर्घिकेला ओरबाडते, तिच्या कडेचे तारे आणि गुच्छ सुटतात, आणि मग ते कोणा एकीचे न राहता साऱ्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणात फिरत राहतात. ३० कोटी प्रकाशवर्षांहून दूर असलेल्या अरुंधती केश समूहाच्या गाभ्यात असे सुमारे ४७,००० भटके गुच्छ असावेत, असा अंदाज २०११ साली हबल दुर्बिणीच्या प्रतिमांवरून मांडला गेला. त्यांतील बहुतेक निळसर, म्हणजे जड मूलद्रव्ये कमी असलेले निघाले, आणि असे गुच्छ प्रामुख्याने लहान दीर्घिकांत किंवा मोठ्या दीर्घिकांच्या कडेला असतात. त्यामुळे कोण लुटले गेले असावे याचा माग रंगावरून लागतो.

आता हा माग काढणारा माणूस दिवसभर काय करतो, ते पाहा. कन्या राशीतील दीर्घिकासमूह आपल्यापासून साधारण ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथला अख्खा गुच्छ जमिनीवरच्या दुर्बिणीतून निव्वळ एक मंद ठिपका दिसतो, आणि त्याच प्रतिमेत आकाशगंगेतले जवळचे तारे आणि फार दूरच्या दीर्घिकाही तसेच ठिपके होऊन बसलेले असतात. मग गुच्छांना शोभेल एवढ्याच रंगाचे आणि तेजाचे ठिपके निवडायचे, समूहापासून लांबच्या आकाशात त्याच निकषांवर किती ठिपके सापडतात ते मोजायचे, आणि तेवढे वजा करायचे. जे उरते ते गुच्छांचे. यात एखाद्या विशिष्ट ठिपक्याकडे बोट दाखवून ‘हा गुच्छच’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण अमुक भागात किती गुच्छ असावेत हे भरवशाने सांगता येते. दक्षिण कोरियाचे म्यंग ग्यून ली आणि त्यांचे दोन सहकारी यांनी कन्या समूहातील भटक्या गुच्छांचा पसारा असाच दाखवला. २०१० साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या त्या कामाची सामग्री आकाशाच्या मोठ्या भागाची नोंद करणाऱ्या स्लोन सर्वेक्षणाची, म्हणजे कोणालाही फुकट उतरवून घेता येणारी होती.

म्हणून मला वाटते की लाखातले पन्नास हजार चांगल्या लॅपटॉपवर खर्चावेत. तिने याच वर्षी संख्याशास्त्र आणि पायथॉन ही संगणकाची भाषा नेटाने शिकावी, स्लोनच्या संकेतस्थळावरून आकाशाच्या एका छोट्या तुकड्याची नोंद उतरवून रंग आणि तेज यांचा आलेख स्वतः काढावा. पहिला आलेख बिघडेल, तो बिघडू द्यावा. या कंटाळवाण्या चाळणीत तिचे मन रमले, तर तिची आवड खरी समजावी. नुसती रंगीत छायाचित्रे पाहून आलेला उत्साह बहुधा इथेच ओसरतो. आकाश पाहायचे असेल तर मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास, गावाच्या दिव्यांपासून दूर, दक्षिण क्षितिजाच्या वर वीस-पंचवीस अंशांवर तिला ओमेगा सेंटॉरी दाखवा. अंधूक ताऱ्यासारखा तो डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, आणि तो स्वतःच ओरबाडल्या गेलेल्या एका लहान दीर्घिकेचा गाभा असावा, असे अनेक खगोलशास्त्रज्ञ मानतात.

पुढची वाट अशी. तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटींची ‘जॅम’ परीक्षा द्यावी, विद्यापीठांतील एम.एस्सी.चे अर्जही भरावेत. एम.एस्सी.च्या काळात आयुका किंवा एनसीआरए या पुण्यातील खगोलसंशोधन संस्थांच्या उन्हाळी प्रकल्पासाठी प्रयत्न करावा, आणि पीएच.डी.साठी जेस्ट, नेट किंवा संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा द्याव्यात. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, त्यामुळे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. काम कमी पडण्याचीही भीती नाही: २०२३च्या जुलैत अवकाशात गेलेल्या युक्लिड दुर्बिणीने ययाती या दीर्घिकासमूहाच्या मध्यभागातच सुमारे ७०,००० गुच्छ दाखवले, आणि तिचे सर्वेक्षण अजून चालूच आहे.

कायमच्या जागा मात्र थोड्या आहेत, आणि पीएच.डी.नंतरही काही वर्षे देशोदेशी हंगामी नेमणुकांवर काढावी लागतात, हे तिला आपणच स्पष्ट सांगा. पुष्कळजण त्यानंतर विदा-विश्लेषणाच्या (डेटा ॲनालिसिसच्या) नोकरीत जातात. ठिपके चाळण्याचे कसब तिथे जसेच्या तसे चालते. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते, म्हणून उरलेले पन्नास हजार त्यासाठी खुशाल राखून ठेवा, पण बी.एस्सी. होताच तिला तिकडे धाडण्याची घाई करू नका.