वाचक विचारतात : न बोलणाऱ्या मुलाचं बोलणं

प्रश्न : माझी मुलगी ६ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही), नजर फारच अधू, बोलत नाही. ऐकू मात्र येतं. अंघोळीला किंवा व्यायामाला उचललं की किंचाळते, अंग ताठ करते. शाळेने चित्रांची कार्डं दिली आहेत, पण ती त्यांच्याकडे बघतही नाही. – एक आई, डिचोली

उत्तर : कार्डं सध्या कपाटात ठेवा. ज्या मुलीला समोरचं धड दिसत नाही, तिला अचानक कुणीतरी हवेत उचलतं. मग ती किंचाळणारच. आपल्याला नेतायत कुठे हे तिला आधी कळायला हवं, आणि ते हाताला कळायला हवं.

त्यासाठी तीन वस्तू निवडा, रोज नक्की घडणाऱ्या तीन गोष्टींसाठी. अंघोळीला तिच्याच अंगाला लावता तो पंचाचा तुकडा, पेजेला तिचाच चमचा, गाडीतून जायला सीटबेल्टच्या पट्ट्यासारख्या कापडाचा वीतभर तुकडा. खेळण्यातली प्लॅस्टिकची गाडी देऊ नका. डोळ्यांनी बघणाऱ्यालाच ती गाडी वाटते. तुमच्या मुलीला गाडी म्हणजे छातीवर आवळणारा पट्टा आणि खालून येणारी थरथर. चार चाकं तिने कधी चाचपलेलीच नाहीत.

वस्तू देताना तिचं मनगट धरून ओढू नका. तुमचा हात तिच्या तळहाताखाली सरकवा, त्यात वस्तू असू द्या, तिची बोटं आपणहून उतरतील. एकच वाक्य बोला, ‘आता अंघोळ’, आणि गप्प राहून मनात १५ पर्यंत मोजा. बहुतेक घरांत चूक इथेच होते. तिसऱ्या आकड्याला आपण पुन्हा बोलतो, आणि तिने मनात जुळवलेलं सगळं विस्कटतं. वस्तू तिच्याबरोबरच न्हाणीघरात न्या, पाण्याला लावा. अंघोळ झाली की तीच वस्तू पत्र्याच्या डब्यात टाकायला लावा. डब्याचा ‘टण्ण’ आवाज म्हणजे संपलं. अशा वस्तू दिवसाच्या क्रमाने खणांत मांडायची पद्धत बहिऱ्या-अंध मुलांसाठी नेदरलँड्समध्ये यान फान डाइक यांनी रुजवली. तुम्हाला खण पुढे लागतील, आज तीनच पुरेत.

उचलून झाल्यावर वस्तू हातात दिली तर ती निरोप राहत नाही. पंचाचा तुकडा एरवी खेळायला दिला तरी अर्थ पुसला जातो. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं की प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने उचलतो. त्या दिवसांत वस्तूंची पिशवी तिच्या खुर्चीलाच बांधून ठेवा. फरक दिसायला आठवडे नव्हे, महिनेही लागतात.

तिची नजर डोळ्यांमुळे अधू आहे की मेंदूमुळे, हे डॉक्टरांना विचारून घ्या. मेंदूमुळे असेल तर काळ्या साध्या कापडावर एकच लाल किंवा पिवळी वस्तू ठेवा, टीव्ही बंद करा. अशी मुलं आधी बघतात, मग मान फिरवून हात पुढे करतात. ते दुर्लक्ष नव्हे.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, बोलत नाही. बटण दाबलं की भरलेलं वाक्य बोलणारं यंत्र घेतलं, त्यात ‘मला पाणी हवं’ भरलं. तो सारखं दाबतो, कधी नको असतानाही दाबलं जातं. आता घरात कुणी लक्ष देत नाही. – एक वडील, काणकोण

उत्तर : वाक्य चुकलं आहे. एकच बटण आणि त्यात पाणी. मग त्याला गाणं हवं असलं, कूस बदलायची असली, तरी दाबायला पाणीच. तिथे ‘अजून एकदा’ भरा. झोपाळा ४-५ झोके देऊन थांबवा, बटण समोर आणा आणि थांबा. दाबलं की लगेच झोका. आवाज मात्र त्याच्याच वयाच्या एखाद्या मुलाचा भरा; वडिलांच्या भारदस्त आवाजात मागणारा मुलगा दुसऱ्या मुलांना परका वाटतो.

नको असताना दाबलं जातं, याचं कारण बहुधा जागेत आहे. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांत मान ज्या बाजूला वळते त्या बाजूचा हात आपोआप ताठ होतो आणि दुसरा दुमडतो. थेरपिस्ट त्याला एटीएनआर म्हणतात. बटण उजवीकडे असेल आणि तुम्ही उजवीकडून हाक मारली, तर मान वळते, हात सुटतो, बटण वाजतं. त्याने काहीच मागितलेलं नसतं. म्हणून बटण छातीच्या मध्यरेषेत, किंचित तिरकं ठेवा, खाली न सरकणारी रबरी जाळी घाला आणि तुम्हीही समोरच बसा. त्याआधी बैठक बघा : पार्श्वभाग मागे टेकलेला, पावलं फळीवर, ट्रे कोपराच्या उंचीला. पाय लोंबकळत असतील तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते.

तरीही जमत नसेल तर गालाजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला बटण लावून बघा. प्रत्येक जागी १० संधी द्या. निदान ७ वेळा ठरवून दाबलं आणि सोडलंही, तर ती जागा पक्की. सोडता न येणारी जागा कामाची नाही.

प्रश्न : आजी कोकणीत बोलते, शाळा मराठी. मुलाच्या खुणा कुठल्या भाषेत ठरवायच्या? – एक आई, पेडणे

उत्तर : खुणेला भाषा नसते, माणसांना असते. एका कागदावर तीन रकाने आखा : तो काय करतो, त्याचा अर्थ काय, आपण काय करायचं. ‘पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की चोखणं थांबवतो. ऐकतोय. पाव हातात द्या.’ ‘जीभ बाहेर काढतो. पुरे. चमचा खाली ठेवा.’ कागदाच्या दोन प्रती करा, एक मराठीत, एक आजीसाठी कोकणीत. यंत्रातला निरोप ज्या माणसाला द्यायचा, त्याच्या भाषेत भरा. मुलाला चित्रं दिसत असतील तर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप मोबाइलवर घेऊन बघा. त्यात मराठी आहे. ‘आमच्याकडे खुणा चालत नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच खुणा, स्पर्श आणि पर्यायी साधनं धरली आहेत, हे शांतपणे दाखवा.

प्रश्न : पावसाळा आला की बोलणारं बटण बंद पडतं. – एक वाचक, वास्को

उत्तर : सेल काढून आतल्या पट्ट्या बघा. पांढरी भुकटी दिसली तर सेल गळले आहेत. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये अर्धवट भिजवून पुसा, कोरड्या कापडाने पुन्हा पुसा, तासभर उघडं ठेवा, मग नवे सेल घाला. भुकटी नसेल तर बटणाची वायर पिनेच्या मानेपाशी वाकवून बघा, बहुधा तिथेच तुटलेली असते. रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कार्डांना लॅमिनेशन करताना चारही बाजूंनी ५ मिलिमीटर कडा सोडा, नाहीतर आषाढात ती सुटतात. आणि चकचकीत नको, मॅट सांगा, उजेड चमकला की अधू नजरेला चित्र दिसतच नाही.