सातव्या शतकातलं एकच वर्ष वेगवेगळ्या कालगणनांत कितवं होतं?

शक, कली, हिजरी अशा जुन्या आकड्यांत ठरावीक संख्या मिळवली किंवा वजा केली की इसवी सन निघतो का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकदा निघतो, पण एका वर्षाची गफलत सहज होते. इ.स. ६३४ घेऊन दाखवतो.

हे साल मुद्दाम निवडलं. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा कर्नाटकातल्या ऐहोळेचा शिलालेख ६३४-३५ चा. तीन महाराष्ट्रकांतली नव्याण्णव हजार गावं सांगणारा तोच. त्यात कवी रविकीर्तीने दोन आकडे दिलेत, तेही वृत्तात बसवायला फोडून. तीस, तीन हजार, सातशे आणि पाच, म्हणजे भारतीय (महाभारताच्या) युद्धापासून ३७३५, हीच कलीची वर्षं. आणि पन्नास, सहा, पाचशे, म्हणजे शक राजांची ५५६ वर्षं. ('शालिवाहन' तिथे नाही, ते नाव शकाला फार नंतर चिकटलं.) दोन्हींतलं अंतर ३१७९, पंचांगात आजही तेवढंच धरतात. मेख अशी की ही वर्षं सरलेली आहेत, असं लेखच सांगतो. म्हणून ५५६ अधिक ७८, म्हणजे ६३४ चा चैत्र. तेच चालू वर्ष समजलात तर ६३३ वर जाऊन पडाल.

इजिप्तमध्ये ६३४ हेच साल रोमन सम्राट डायोक्लेशियनपासून मोजलेलं ३५०, २९ ऑगस्टपासून ३५१. ज्याने ख्रिश्चनांचा छळ केला त्याच सम्राटापासून तिथले ख्रिश्चन वर्षं मोजत राहिले! सिरियात ग्रीक राजा सेल्युकसच्या गणनेचं ९४५, ऑक्टोबरपासून ९४६. पूर्व रोमन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला इंडिक्शन ७, सप्टेंबरपासून ८. इंडिक्शन हे करवसुलीचं पंधरा वर्षांचं चक्र, आणि कितवं चक्र ते लिहायची पद्धत नव्हती. त्यामुळे नुसतं '७' सापडलं तर ते ६१९, ६३४, ६४९ यांपैकी कुठलंही असू शकतं. सम्राटाचं राज्यवर्ष शेजारी असेल तरच सुटका. आपला इसवी सन मात्र तेव्हा ईस्टरच्या तारखांच्या तक्त्यांबाहेर क्वचितच दिसायचा.

हिजरीत मार्चपासून १३ वं लागलं, पण हे आपण आज म्हणतो. खलिफा उमर यांनी ती गणना सुरू केली ती आणखी काही वर्षांनी. शिवाय इथे ठरावीक संख्या चालतच नाही. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे इसवी सनाशी असलेलं अंतर घटत जातं: तेव्हा ६२१ होतं, आज ५८० पेक्षाही कमी आहे.