शब्दांची विचारपूस : ‘लाईन’

‘लाईन’ या एकाच शब्दाबद्दल चार पत्रं आली. ती या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : रात्री लाईन गेली म्हणून अभ्यास झाला नाही, हे मी इंग्रजीत ‘द लाईन वेंट’ असं लिहिलं. बाईंनी चूक दिली. गावात तर सगळे लाईनच म्हणतात.
– दहावीची विद्यार्थिनी, दारव्हा तालुका

उत्तर : बाईंचं बरोबर आहे, आणि गावाचंही. आपण तारेलाही लाईन म्हणतो आणि तारेतून येणाऱ्या विजेलाही. इंग्रजीत विजेच्या बाबतीत लाईन म्हणजे फक्त तार. त्यामुळे ‘द पॉवर वेंट ऑफ’ असं लिही. लाईन आली, तर ‘द पॉवर इज बॅक’. ‘द लाईन इज डाऊन’ हेही वाक्य आहे, पण विजेच्या बाबतीत त्याचा अर्थ तार तुटून पडली असा होतो. हा फरक शेतातही ध्यानात ठेवायचा. वादळानंतर धुऱ्यावर तार पडलेली दिसली आणि घरी अंधार असला, तरी ‘लाईन नाही’ म्हणून तिच्याजवळ जायचं नाही. गेलेली वीज कोणत्याही क्षणी येते, आणि ओल्या जमिनीतून पायालाही झटका बसतो. लांब राहायचं, इतरांनाही थांबवायचं आणि लाईनमनला कळवायचं.

बाकी अर्थ शेजारच्या शब्दांवरून ओळखता येतात. ‘होल्ड द लाईन’ म्हणजे फोन ठेवू नका. ‘लर्न युवर लाईन्स’ म्हणजे नाटकातले संवाद पाठ कर. ‘ड्रॉप मी अ लाईन’ म्हणजे चार ओळी लिहून पाठव. रेशन दुकानापुढची लाईन अमेरिकेत ‘लाईन’, इंग्लंडमध्ये ‘क्यू’. मराठीत आपल्याकडे रांग, ओळ, रेघ, तास (शेतातली पेरणीची ओळ) असे वेगवेगळे शब्द आहेत, ते वापरात राहावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. विजेच्या अर्थाने मात्र लाईन आता आपलाच शब्द झाला आहे, तो बदलायची गरज नाही.

प्रश्न : बटन बंद करूनही बल्ब बदलताना झटका बसतो. वायरमन म्हणाला, बटन न्यूट्रलवर आहे, लाईनवर पाहिजे. इथली लाईन कोणती?
– वाचक, मेहकर

उत्तर : इथे लाईन म्हणजे फेजची तार, जिच्यात दाब असतो. जुन्या वायरिंगमध्ये ती बहुतेक लाल असते, न्यूट्रल म्हणजे वीज परत जाण्याची तार काळी आणि अर्थिंग हिरवी. बटनाचं काम लाईन तोडायचं. ते न्यूट्रलवर बसवलं, तर बल्ब विझतो, पण होल्डरपर्यंत लाईन तशीच उभी राहते. आपण हात लावला की ती आपल्यातून जमिनीत वाट काढते. तपासायचं असेल, तर तीन पिनच्या सॉकेटपासून सुरुवात करा. समोरून पाहिलं की वरचं मोठं छिद्र अर्थिंगचं, उजवं लाईनचं, डावं न्यूट्रलचं. टेस्टर उजवीकडे पेटला पाहिजे. डावीकडे पेटत असेल, तर तारा उलट्या जोडल्या आहेत. पण टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही असं धरून चालू नका, तो बिघडलेलाही असतो. दुरुस्ती मेन स्विच पाडून वायरमनकडूनच करून घ्या. तोवर बल्ब बदलतानाही मेन पाडा.

प्रश्न : शेततळ्याच्या प्लास्टिकला लायनिंग का म्हणतात? त्यात रेघ तर कुठेच नाही.
– शेतकरी, उमरेड तालुका

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर थेट आपल्या जवसापाशी जातं. जवसाला लॅटिनमध्ये लिनम म्हणत. त्याच्या खोडातून धागा निघतो. त्या धाग्याला, दोरीला म्हणत लिनिआ. लाईन तिथून आली, म्हणजे आधी दोरी आणि मग रेघ. गवंडी आजही दोरी ताणूनच भिंत सरळ धरतो. त्याच धाग्याच्या कापडाला लिनन म्हणतात. अंगरख्याला आतून ते कापड लावायचे, म्हणून आतल्या अस्तराला लायनिंग असं नाव पडलं. तुमच्या तळ्यातलं प्लास्टिक हे तळ्याचं अस्तरच आहे. (आपलं जवस तेलाचं, चटणीचं. ते बुटकं आणि फांद्यांचं असतं. धाग्याचं जवस उंच वाढतं, त्याला फांद्या फार थोड्या.)

हे अस्तर साधारण 500 मायक्रॉन जाडीचं असतं. ते फाटतं ते बहुधा खालून. आधी दगड, पऱ्हाटीची खुंटं, मुळं वेचून काढा, उतार चोपून घ्या, मगच अंथरा. जोड उष्णतेने चिकटवलेले हवेत. काठावर चारी बाजूंनी चर खोदून प्लास्टिकची कड त्यात मातीने गाडा, नाहीतर पाण्याच्या वजनाने ते उतारावरून खाली सरकतं. ताणून बसवू नका, थोडं सैल राहू द्या. उन्हात ते पसरतं, थंडीत आकसतं.

प्रश्न : कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटवर ‘मेल लाईन’, ‘फीमेल लाईन’ म्हणतात. म्हणजे नर-मादीची तासं का?
– वाचक, देऊळगाव राजा तालुका

उत्तर : तासं दोन्हींची वेगळी पेरतात, म्हणून तसं वाटतं. पण इथे लाईन म्हणजे वंश. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच परागाने वाढवून गुण स्थिर केलेला तो वाण असतो. फुलं दोन्हींची सारखीच असतात, नर आणि मादी दोन्ही भाग एकाच फुलात. मादी ठरवलेल्या लाईनच्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर लाईनचा पराग लावतात. एखादी कळी राहिली, तर ती स्वतःच्याच परागाने फळते. ते बोंड वेचून त्याच ढिगात गेलं, तर शुद्धतेच्या चाचणीत सगळा लॉट नापास होऊ शकतो. म्हणून पराग लावलेल्या फुलाला खुणेचा धागा बांधतात आणि वेचताना धागा असलेली बोंडंच घेतात.