ब्लास्टमध्ये पहिलंच नाव ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’ आलं तर?

प्रश्न : मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूच्या १६एस आरआरएनए जनुकाचा (जिवाणू ओळखायला वापरतात तो) सिक्वेन्स, म्हणजे त्यातला बेसांचा क्रम, एनसीबीआय या सार्वजनिक जनुकीय संग्रहाच्या संकेतस्थळावर ब्लास्ट केला, म्हणजे तिथल्या नोंदींशी जुळवून पाहिला. वरचे बरेच निकाल ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’ आणि त्याखाली बॅसिलसच्या तीन प्रजाती, सगळ्यांचं साम्य ९९ टक्क्यांवर. प्रबंधात कोणतं नाव लिहू?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही शोध घेतलात तो नेहमीच्या मोठ्या संग्रहात. तिथे सिक्वेन्स पाठवणाऱ्याने जे नाव दिलं, बहुधा तेच राहतं. ‘अनकल्चर्ड’ म्हणजे माती किंवा पाण्यातून थेट काढलेल्या डीएनएचा सिक्वेन्स; त्यामागे वाढवलेला जिवाणू नाही, म्हणून ओळख पटवायला तो निरुपयोगी. ब्लास्टच्या पानावर ‘आरआरएनए/आयटीएस डेटाबेसेस’ निवडा आणि त्यातला जिवाणू व आर्किया (जिवाणूंसारखेच एकपेशीय सूक्ष्मजीव) यांचा १६एस संग्रह घ्या. त्यातल्या नोंदींचे क्रमांक ‘एनआर’ने सुरू होतात आणि त्या प्रामुख्याने टाइप स्ट्रेनच्या, म्हणजे प्रजातीचं नाव ज्या स्ट्रेनला बांधलेलं असतं तिच्या असतात.

पण त्याआधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंग यंत्राने दिलेला शिखरांचा आलेख उघडा. सुरुवातीच्या ३०-४० बेसांत शिखरं एकमेकांत घुसलेली दिसतील, ७००-८०० नंतर ती पुन्हा पसरट होतात. दोन्ही टोकं कापा. २७एफ आणि १४९२आर अशा दोन्ही प्रायमरांचे (जनुकाच्या दोन टोकांपासून वाचन सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) रीड, म्हणजे एकेका वाचनात मिळालेले सिक्वेन्स, जोडले की सुमारे १,४०० बेस हाती लागतात. एका रीडवर प्रजाती ठरवू नका. स्वच्छ रीडमध्येच एखाद्या जागी दोन शिखरं दिसली, तर लगेच कल्चर अशुद्ध ठरवू नका. ई. कोलायमध्ये या जनुकाच्या ७ प्रती असतात, बॅसिलस सबटिलिसमध्ये १०, आणि त्या तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. तिथे आर (ए किंवा जी) किंवा वाय (सी किंवा टी) असं मिश्र चिन्ह लिहा. एका प्रतीत बेस कमी-जास्त असेल, तर त्या जागेपुढची सगळी शिखरं दुहेरी होतात. मग तो भाग उलट बाजूच्या रीडवरून वाचावा लागतो.

निकालात साम्याइतकंच ‘क्वेरी कव्हर’, म्हणजे तुमच्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला ते, पाहा. ४० टक्के लांबीवरचं ९९.८ टक्के साम्य काही सांगत नाही. पहिले ५०० आणि शेवटचे ५०० बेस वेगवेगळे ब्लास्ट करा. दोन भिन्न जातकुळी (जीनस) आल्या, तर सिक्वेन्स दोन जीवांचा जोडलेला, म्हणजे कायमेरा असण्याची शक्यता आहे.

साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल, तर प्रजाती नवी असू शकते. त्याच्या वर असलं म्हणून ती तीच, असं मात्र नाही. बॅसिलस सबटिलिसच्या गटातल्या प्रजाती १६एसवर ९९ टक्क्यांच्या पुढेच असतात. तुमचे तीनही हिट त्याच गटातले असतील, तर ‘बॅसिलस सबटिलिस गट’ एवढंच लिहा, आणि नेमकं नाव हवं असेल तर जायरेज-बी हे प्रजातींमध्ये जास्त बदलणारं जनुक वाचून घ्या.

आणखी एक : ब्लास्ट दोन्ही धाग्यांवर शोधतो, त्यामुळे उलटा सिक्वेन्सही बरोबर जुळतो. वंशवृक्ष काढताना मात्र तो उलटाच राहिला, तर तुमची फांदी विनाकारण लांबच लांब जाते. निकालात ‘प्लस/मायनस’ दिसलं की आधी रिव्हर्स कॉम्प्लिमेंट करा, म्हणजे क्रम उलटा करून प्रत्येक बेसच्या जागी त्याचा जोडीदार बेस लिहा.

प्रश्न : बुरशीसाठी १८एस (१६एसच्या जोडीचं बुरशीतलं जनुक) चालेल का?

उत्तर : प्रजातीपर्यंत जायला नाही, १८एस फार कमी बदलतो. आयटीएस१ आणि आयटीएस४ प्रायमरांनी आयटीएस भाग (आरआरएनए जनुकांच्या मधला, जास्त बदलणारा तुकडा) घ्या आणि त्याच पानावरचा बुरशीचा आयटीएस संग्रह निवडा. फ्युझेरियम असेल, तर आयटीएसही अपुरा पडतो, तिथे टीईएफ१ हे जनुक हवं.