गाडी एकदा जोरात तापली. आता ती नीट चालतेय, तरी इंजिन आतून खराब झालंय का हे कसं तपासायचं?

सर्वात आधी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्यामधलं सील, तपासा, कारण तापलेल्या इंजिनात पहिला मार बहुतेक वेळा तिथेच बसतो. हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं. ब्लॉक बिडाचा असेल तर उष्णतेने हेड त्याच्यापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, वाकतं आणि गॅस्केटची पकड सुटते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना मुळीच नको, उकळतं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) थेट अंगावर उडतं. मग हे बघा:

- डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधी, चहासारखं दिसतंय का
- कूलंट भरूनही पातळी पुन्हा उतरतेय का, बाहेर गळती कुठेच नसताना
- इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो का

यातलं एक जरी दिसलं तर गाडी चालवू नका, टो करून न्या. काहीच दिसलं नाही तरी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणारी चाचणी) आणि कूलंटमध्ये जळालेला गॅस शोधणारी रसायनाची चाचणी करून घ्या. त्या चाचणीतलं निळं द्रावण पिवळं पडलं, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, बारीक तडा त्या टेस्टमध्ये लक्षात न येता राहू शकतो. आणि फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल तर घाबरू नका: थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की वाफ साचूनही तो येतो. गाडी मुळात का तापली, थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडबंद करणारा व्हॉल्व्ह), पंखा की वॉटर पंप, हे शोधल्याशिवाय ती पुन्हा रस्त्यावर काढू नका.