मारलेलं बदक पुरायचं की खायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मध्येच वाचायला आलेल्यांनाही कळेल. शिंदखेडा तालुक्यातल्या तुमच्या गावच्या तलावावर रात्री कोणीतरी नायलॉनचं जाळं लावून बदकं धरली. सकाळी वनरक्षक आले, पंचनामा झाला, जिवंत होती ती सोडली आणि मेलेली खड्डा खणून पुरली. तेव्हा गावातले आप्पा म्हणाले, "मरी गयात ते मरी गयात, आते मातीमा घालीसन काय फायदा? कोना पोटमा तरी जातीन." तुम्हाला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच रात्रभर चैन पडलं नाही. त्यात तुम्ही कुठेतरी वाचलंत की अमेरिकेत मारलेला पक्षी वाया घालवणं हाच गुन्हा आहे. मग आपल्याकडे उलटं कसं? आणि मेव्हण्याच्या घरून दर हिवाळ्यात येणाऱ्या रश्श्याच्या डब्याचं काय करायचं?

आप्पांना उडवून लावू नका. जी माणसं १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडायला गेली, मिलो नावाच्या ज्वारीची लाल भाकर आणि सुकडी खाऊन तगली, त्यांना अन्न मातीत गेलेलं बघवत नाही. ही भावना खरी आहे आणि मला ती मोलाची वाटते. आपल्या खान्देशात कानबाई देवीच्या सणाला रोटांसाठी गहू घेतात तोसुद्धा घरातली माणसं मोजून, आणि ते रोट घरच्यांनीच वेळेत संपवायचे असतात. पण तिथला क्रम बघा. मोजणी आधी, दळण नंतर. किती लागणार, कोण खाणार हे ठरल्यावरच धान्याला हात लागतो. आप्पांच्या वाक्यात हा हिशेब पक्षी मेल्यावर सुरू होतो. वाया घालवू नये हे बंधन ज्याला मारायचा हक्क आहे त्याच्यासाठी आहे, आणि ते बंदूक उचलायच्या आधी लागू होतं. ज्याला हक्कच नव्हता त्याने नंतर ताट स्वच्छ केलं म्हणून आधीची गोष्ट धुतली जात नाही.

आता अमेरिकेचं. तिकडे पाणपक्ष्यांची शिकार परवान्याने चालते. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडा (तेव्हा इंग्लंडच्या वतीने) यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला, १९१८ साली त्यावर कायदा आला. मोसम ठरलेला, रोजची संख्या ठरलेली. पाडलेला किंवा जखमी झालेला पक्षी शोधायचा वाजवी प्रयत्न न करता निघून जाणं हा तिथे गुन्हा आहे. अलास्कात तर बदकाची छाती आणि कादंबासारख्या मोठ्या पक्ष्याच्या छातीबरोबर मांड्यांचं मांसही काढून घ्यावंच लागतं, नुसती छाती काढून बाकीचं चिखलात फेकता येत नाही. हे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. पण त्या नियमांचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी सांगत नाही. तिकडे रानबदकाचं मांस विकता येत नाही. स्वतः खा किंवा कोणाला भेट द्या. शिकारी सोबत नसेल तर त्या भेटीवरही कोणी, कधी, कोणते किती पक्षी मारले याची सही केलेली चिठ्ठी लागते.

विक्री बंद का केली, यामागे मोठा कडू अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडे बाजारासाठी शिकार करणारे लोक होडीवर तोफेसारखी लांब बंदूक बसवून एका बारात थवेच्या थवे पाडायचे आणि पिंपं भरून शहरातल्या हॉटेलांना पाठवायचे. लॅब्राडोर बदक नावाचा एक पक्षी होता. त्याचं मांस बेचव, लवकर खराब होणारं. तरी तो बाजारात यायचा, गिऱ्हाईक मिळायचं नाही आणि टांगल्या जागी कुजायचा. १८७५ नंतर त्या पक्ष्याचा खात्रीचा नमुना मिळालेला नाही. तो नाहीसा होण्यामागे इतर कारणंही असतील, पण बाजारात कुजत टांगलेला तो पक्षी मला विसरता येत नाही. म्हणजे तिकडे "वाया घालवू नका" हा नियम "विकू नका" आणि "ठरल्यापेक्षा जास्त मारू नका" यांच्यासोबत उभा आहे. आपण त्यातला एकच तुकडा उचलून इकडे लावला तर त्याचा अर्थ उलटा होतो.

आपल्याही देशात मोठ्या शिकारी झाल्यात. राजस्थानातल्या भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तिथल्या दगडी फलकावर तो आकडा कोरलेला आहे. एवढं मांस एका दिवसात शिजवणार कोण आणि खाणार कोण? तिथे भुकेचा संबंध नव्हता, आणि फलकावर पक्ष्यांची संख्या आहे, जेवणाऱ्यांची नाही. आज आपल्याकडे अशा शिकारी होत नाहीत, पण ढाब्यावर "जंगली बदक आहे का" असं हळूच विचारणारा माणूस त्याच रांगेतला आहे असं मला वाटतं. घरी त्याला कोंबडी, बकरा, मासे सगळं मिळतं. त्याला मांस नको असतं, दुर्मिळपणाची चव हवी असते.

एक चक्रांग बदक हातात घेऊन बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. जिवंतपणी वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. नराचं डोकं तांबूस, डोळ्यावरून मागे जाणारा हिरवा पट्टा, पंखात हिरव्या पिसांचा चमकता चौकोन. पिसं उपटली, डोकं, पाय, आतडी काढली की हाडांसकट मुठीत मावेल एवढा जीव उरतो. एका माणसाची भाकर त्यात नीट संपत नाही. म्हणून ढाब्यावर एका टेबलाला चार-पाच पक्षी लागतात. हा पक्षी मध्य आशियातून, सायबेरियाकडून आलेला असतो. सोबत येणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, तर हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाच्या यंत्रांनी त्यांना सात हजार मीटरहून जास्त उंचीवर उडताना नोंदवलंय. आपल्या तापीवरच्या सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा बंधाऱ्यांच्या फुगवट्यांवर, हतनूरला, धुळ्याच्या नकाण्याला जे थवे दिसतात ते इतका पल्ला मारून दमून उतरलेले असतात. हे काही मी भावुक व्हायला सांगत नाही. आपल्या तलावात ते जन्मत नाहीत, तरी त्यांचं निम्मं वर्ष आपल्या हातात असतं, म्हणून सांगतोय.

यात एक अवघड जागा आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. जाळं लावणारा माणूस बहुतेक वेळा गरीब असतो. कधी भिल्ल, कधी पारधी, कधी नुसता मासेमारी करणारा. यातल्या काहींच्या माथी इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने शिक्का मारला, १९५२ साली तो कायदा गेला तरी गावाच्या नजरेतून तो शिक्का अजून गेलेला नाही. एखाद्या घरात खरोखर चूल पेटत नाही आणि त्या माणसाने दोन पाणकोंबड्या धरून पोरांना खाऊ घातल्या, तर कायद्यात तो गुन्हाच आहे, पण मी त्याला आणि ढाब्यावर ऑर्डर देणाऱ्याला एका मापाने मोजणार नाही. त्या घरात काहीच वाया जात नाही, मान, पंजे, कलेजी सगळं शिजतं. दुःख याचं की पंचनाम्यात नाव त्याचंच येतं. ज्याने आगाऊ पैसे दिले, ज्याने रात्री गाडी पाठवली, तो कागदावर येतच नाही. तुमच्या गावात पुढच्या वेळी वनरक्षक आले तर "माल कोणासाठी होता" हा प्रश्न चारचौघांत विचारा. आप्पांनी विचारला तर आणखी वजन येईल.

आणि म्हणूनच मेलेली बदकं पुरली हे मला बरोबर वाटतं. समजा त्या दिवशी ती गावात वाटली असती. पुढच्या अमावस्येला जाळं परत लागलं असतं, थोडी जास्त बदकं मेली असती, कारण मेलेलं वाटून मिळतं हे सगळ्यांना कळलं असतं. धरणाऱ्याचा फायदा होता तसाच राहिला असता आणि गावही त्यात सामील झालं असतं. मातीत गेलेल्या मांसाने निदान कोणाची भूक वाढवली नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण इथे गैरसमज फार आहेत. त्याच १९७२ साली, आप्पांची पिढी खडी फोडत होती तेव्हा, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे शिकार बंद आहे. कलम ३९ प्रमाणे मारलेला वन्यप्राणी किंवा पक्षी, त्याचं मांससुद्धा, सरकारची मालमत्ता ठरतं, आणि यात "मेलेला सापडलेला" किंवा "चुकून मारला गेलेला"ही येतो. तो ज्याच्या ताब्यात आला त्याने ४८ तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवायचं असतं. म्हणजे मासळीच्या जाळ्यात चुकून बुडून मेलेलं बदकसुद्धा घरी नेऊन शिजवता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पक्षी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतला, असेल तर किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद. बदक खायचीच हौस असेल त्याने पाळीव बदक खावं, त्याला कोणी अडवत नाही.

तब्येतीची बाजू तर कोणी बोलतच नाही. नवापूर आपल्याच खान्देशातलं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथे झाला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, पोल्ट्रीवाले देशोधडीला लागले. २०२१ मध्ये पुन्हा तेच. नवापूरला तो रोग नेमका कुठून आला यावर मी बोलणार नाही, पण या विषाणूंचं मूळ घर रानातली बदकं आणि पाणपक्षी हेच आहे, आणि बहुतेक वेळा ते पक्षी आजारी दिसतही नाहीत. नीट शिजवल्यावर विषाणू मरतो हे खरं. पण शिजायच्या आधी तो पक्षी कोणाच्या हातात असतो? पाण्यात बुडवून पिसं उपटणारी, पोट फाडून आतडी काढणारी घरातली बाई, आणि शेजारी पिसांशी खेळणारं पोर. खाणारे गप्पा मारत बसलेले असतात आणि धोका त्या दोघांच्या वाट्याला येतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

दुसरं विषाचं. काही ठिकाणी जाळ्याऐवजी दाण्याला कार्बोफ्युरानसारखं कीटकनाशक चोळून तलावाकाठी टाकतात. ते खाल्लेला पक्षी लटपटतो, मान टाकतो, आणि उचलणाऱ्याला वाटतं फुकट मिळाला. असं मांस खाल्लेल्याला लाळ सुटणं, घाम, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणं, श्वास अडकणं असं झालं तर थेट सरकारी दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते लपवू नका, कारण उपचार त्यावर ठरतो. शिजवल्याने हे विष जातं असा भरवसा धरू नका. बंदुकीच्या शिशाच्या छर्ऱ्यांचंही तेच. पक्षी खडे समजून चिखलातले छर्रे गिळतो, पोटातल्या ज्या स्नायूच्या पिशवीला आपण चिकनच्या दुकानात पेठा म्हणतो त्यात ते दळले जातात आणि शिसं रक्तात उतरतं. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद केले ते याच कारणाने.

एकाच जागी तीन-चार पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही कळवा.

मेव्हण्याच्या डब्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की नाही म्हटलं तर बहिणीला वाईट वाटेल. मग बहिणीशीच बोला, आणि डबा यायच्या आधी बोला, आल्यावर नाही. भरलेला डबा दारातून परत पाठवला की तो अपमान होतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. दिवाळीला भाऊबीजेला जाल तेव्हा सांगा की ताई, यंदापासून बदकाचं काही पाठवू नको, आम्ही खात नाही आणि तुझ्या घरात ते सापडलं तर दाजी अडकतील. पिसं काढताना तुझ्याच हाताला काय लागेल सांगता येत नाही, हेही सांगा. तिला हे कोणीच सांगितलेलं नसणार.

आणि तुमच्या तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असेल तर त्यांच्याकडे जा. सुलवाडेच्या फुगवट्यात एकदा मी एका मासेमाराबरोबर फासजाळ्यातून वारकरी नावाचा काळा पाणपक्षी सोडवला होता. पंखाच्या सांध्याभोवती नायलॉन इतकं रुतलं होतं की कात्रीची टोकं आत जाईनात, आणि तो पायाच्या पाळीदार बोटांनी आमची मनगटं ओरबाडत होता. मासेमार म्हणाला, यात माझंच नुकसान जास्त, जाळं फाटतं. ही गोष्ट धरून बोला. उथळ, गवताच्या काठाला जाळं न लावता खोल पाण्यात लावलं आणि पहाटे लवकर काढलं तर बदकं कमी अडकतात, मासळीही ताजी मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चार महिने तरी हे पाळायला ते तयार होतात का ते विचारा. आणि रात्री जाळं घेऊन येणारं बाहेरचं कोणी दिसलं तर सगळ्यात आधी त्यांनाच दिसणार आहे, तेव्हा वनरक्षकांचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुमच्यासमोरच सेव्ह करून घ्या.