डी-डेला जपानी खेळाडू कसा काय?

प्रश्न : २०१४ला डी-डेच्या (६ जून १९४४, दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस) ७०व्या वर्षी गूगलने ब्रिटनमध्ये म्हणे जपानी माणसाचं डूडल (गूगलच्या पहिल्या पानावरचं खास चित्र) लावलं आणि लोक भडकले. मुद्दाम केलं का हो?

उत्तर : मुद्दाम कशाला करतील, पण टायमिंग बघा ना! होनिन्बो शूसाकु हा गो या पटावरच्या खेळातला दिग्गज, जन्म ६ जून १८२९, म्हणजे नॉर्मंडीच्या शंभरावर वर्षं आधीचा, त्या बिचाऱ्याचा युद्धाशी काय संबंध, पण तिकडे म्हातारे सैनिक छातीवर मेडल लावून किनाऱ्यावर जमलेले आणि इकडे स्क्रीनवर गोचा पट, मग लोक चिडणारच. गूगलने तांत्रिक चूक म्हणत माफी मागितली, डूडल हटवलं. मला तर राग जरा जास्तच वाटला. पण डूडल आपणही मनावर घेतोच, ३ जानेवारी २०१७ला सावित्रीबाईंचं डूडल आलं तेव्हा आम्हीच स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकत होतो की!